स्पेलचेक गप्प, तरी शब्द चुकलेला

'तुमचा प्रस्ताव आम्हांला मान्य आहे' असं इंग्रजीत कळवायचं होतं. 'ॲक्सेप्ट'च्या जागी 'एक्सेप्ट' टाइप झालं आणि मान्यता राहिली बाजूला, वाक्य 'तुमचा प्रस्ताव सोडून' असं काहीतरी अर्धवट बोलू लागलं. नोकरीच्या अर्जात 'एलिजिबल'ऐवजी 'इलेजिबल' गेलं, की पात्र उमेदवार स्वतःच लिहून देतो की मी वाचता न येण्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणी लाल रेघ उमटत नाही. स्पेलचेक मुख्यतः एवढंच बघतो, की असा शब्द शब्दकोशात आहे का. इथे तो हवा होता का, हे कळण्याची त्याची ताकद तोकडी आहे.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे गोंधळात टाकणाऱ्या शंभर जोड्यांची यादी पाठ करणं. आठवडाभर ती लक्षात राहते, मग पुन्हा तीच चूक. कारण या सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. काही कानाच्या असतात, काही अर्थाच्या, काही निव्वळ बोटांच्या. औषध तिघांना वेगळं लागतं. म्हणून आधी निदान.

जी जोडी वारंवार चुकते ती घ्या आणि एखाद्या ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरच्या खुणेवर टिचकी मारून दोन्ही शब्द ऐका. उच्चार वेगळे ऐकू आले, पण तुम्ही रोज दोन्ही सारखेच बोलत असाल, तर दोष कानाचा. उच्चार खरोखरच एक असेल, तर दोष अर्थाचा; तिथे कितीही ऐकून उपयोग नाही. उच्चार वेगळे आहेत, तुम्ही बोलताही वेगळे, तरी लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, तर दोष बोटांचा.

कानाचा दोष

इथे मराठी माणसाकडे एक हत्यार तयारच आहे, पण ते तो इंग्रजी लिहिताना वापरत नाही. आपल्या लिपीत चंद्र आहे. 2009च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर रीतसर वर्णमालेत घेतले. वापरात ते त्याच्या कितीतरी आधीपासून होते. हिंदीत 'बैंक' लिहितात, आपण 'बँक' लिहितो. मग शंका आली की इंग्रजी शब्द आधी देवनागरीत नीट लिहून बघायचा. 'दॅन' आणि 'देन' लिहिताच वेगळे होतात. चंद्र असेल तिथे इंग्रजीत ए, नुसती मात्रा असेल तिथे ई. 'पेक्षा' म्हणायचं असेल तर दॅन, 'मग' किंवा 'तेव्हा' म्हणायचं असेल तर देन. 'अडॅप्ट' आणि 'अडॉप्ट'चंही तसंच: डॅ म्हणजे ए, डॉ म्हणजे ओ. कादंबरीचं नाटक करतात ते अडॅप्ट, मूल दत्तक घेतात किंवा ठराव स्वीकारतात ते अडॉप्ट.

'ॲक्सेप्ट, एक्सेप्ट, एक्स्पेक्ट' या त्रिकुटातही पहिला स्वर बघायचा. ॲ आला की ए आणि दोन सी, अर्थ स्वीकारणे. उरलेले दोन्ही ई-एक्सने सुरू होतात. त्यांत 'स्पे' ऐकू आला तर पी मध्यावर, अर्थ अपेक्षा. नाहीतर सी, अर्थ वगळता. खरं इंग्रजी बोलताना ॲक्सेप्टमधला ॲ आखडून जवळपास 'अ' होतो, त्यामुळे ऐकून फसायला होतं. लिहिण्यापुरता तो मनात ठसठशीत ॲ म्हणावा.

व आणि व्ह हाही आपला फायदा. 'वेट' म्हणजे ओलं, 'व्हेट' म्हणजे जनावरांचा डॉक्टर. व्ह लिहिला की व्ही, व लिहिला की डब्ल्यू. नियम सरळ आहे, पण 'व्हेल' मासा आणि 'व्हाइट' यांसारख्या शब्दांनी तो मोडला आहे. तिथे व्ह डब्ल्यू-एचसाठी आला आहे.

पण काही ठिकाणी मराठी उच्चारच आपल्याला खड्ड्यात घालतो. 'स्क्रू लूज झालाय' असं आपण म्हणतो, ज अगदी जहाजातल्यासारखा. इंग्रजीत मात्र सैल या अर्थाचा शब्द 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ स. झ ऐकू येतो तो दुसऱ्या शब्दात, 'लूझ', म्हणजे हरवणे, गमावणे, सामना हरणे. वजन कमी करायचं असतं तेही याच शब्दाने. म्हणजे आपण बोलतो एकाचा उच्चार आणि डोक्यात असतो दुसऱ्याचा अर्थ. लिहिताना गफलत होणारच. लिहिताना एवढंच धरा: हरवण्याच्या शब्दातला एक ओ हरवलेला असतो. सैल शब्दात दोन ओ ऐसपैस बसलेले असतात.

'ऑफ'चंही हेच. 'बँक ऑफ महाराष्ट्र' असं पाटीवर लिहितात, आणि दिवाही 'ऑफ' करतात. इंग्रजीत पहिला शब्द 'ऑव्ह' असा व्हने संपतो आणि त्यात एकच एफ असतो. दुसरा खरा 'ऑफ', त्यात दोन एफ. दिवा बंद करायच्या सूचनेत एकच एफ पडतो तो या पाटीच्या सवयीमुळे. बंद, दूर, सुटी, सवलत यांपैकी काहीही अर्थ असेल तर दोन एफ. चा-ची-चे असेल तर एक.

आता चंद्रही हात टेकतो अशी जागा. मराठीत ए एकच आहे, आखूड आणि लांब असे दोन नाहीत. त्यामुळे 'वेस्ट' एकच शब्द पश्चिमेला, कचऱ्याला आणि कंबरेला पुरतो. 'सेल' लागतो, फोन सेल असतो आणि वस्तू सेल करतात. 'पेन' लिहितं आणि पेन दुखतं. हॉटेलांच्या ऑनलाइन अभिप्रायांत जेवणाची 'टेस्ट' छान होती असं वाचायला मिळतं आणि स्पेलिंग परीक्षेचं असतं. इथे ए थोडा ओढून बघा. 'टेऽस्ट', 'वेऽस्ट', 'लेऽट', 'डेऽट', 'सेऽल' असा ओढला जात असेल तर स्पेलिंगमध्ये ए येतो, आणि एकतर शेवटी मुका ई असतो किंवा ए-आय जोडीने असतात. चव, कचरा, उशीर, तारीख, विक्री: या सगळ्यांत शेवटी ई. कंबर, वेदना, शीड, थांबणे: या सगळ्यांत ए-आय. ए आखूडच राहत असेल तर साधा एक ई: परीक्षा, पश्चिम, विकणे, ओलं. वजन आणि कर्ज हे दोन हट्टी शब्द यात बसत नाहीत. वजनात ई-आय-जी-एच आहे आणि कर्जात ऐकू न येणारा बी. ते वेगळे पाठ करा.

'आय वाँट टू लिव्ह धिस जॉब' हे वाक्य राजीनाम्यांत सापडतं आणि त्याचा अर्थ 'मला ही नोकरी जगायची आहे' असा होतो. सोडणे म्हणजे 'लीव्ह', इ दीर्घ, स्पेलिंगमध्ये ई-ए. जगणे, राहणे म्हणजे 'लिव्ह', इ ऱ्हस्व, स्पेलिंगमध्ये आय. हा घोळ मराठी माणसाकडून जास्त होतो त्याला कारण आहे. आपल्याकडे अकारान्त शब्दाचं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ करायची रीत आहे: मीठ, फूल, गीत, चूक. तीच सवय इंग्रजी शब्दांना लागते आणि शिपचा शीप, फिलचा फील होतो. फॉर्म भरायचा तर 'फिल', दुःख वाटायचं तर 'फील'. जहाज ऱ्हस्व, मेंढी दीर्घ. इ दीर्घ असेल तर ई-ई किंवा ई-ए, ऱ्हस्व असेल तर आय, हे बहुतेक वेळा चालतं.

अर्थाचा दोष

इथे दोन्ही शब्द ऐकायला एकच. म्हणून उच्चार विसरायचा आणि मराठी अर्थाला विचारायचं.

'प्रिन्सिपल' दोन. शेवटी ए-एल असलेला आणि शेवटी एल-ई असलेला. मराठीत अर्थ लिहून बघा. मुख्य, मुख्याध्यापक, मुद्दल: तिन्ही मु-ने सुरू होतात, तिन्ही ए-एल. कॉलेजातले प्राचार्य मु-ने सुरू होत नाहीत, पण तेही तिथले मुख्यच. तत्त्व किंवा नियम असेल तर एल-ई. कर्जाच्या कागदपत्रांत मुद्दलासाठी एल-ई पडलेलं दिसतं, ते चूक. बँक तत्त्व वसूल करत नाही, मुद्दल वसूल करते. आणि एल-ई वालं प्रिन्सिपल फक्त नाम असतं, त्याने दुसऱ्या शब्दाचं वर्णन होत नाही. पुढे दुसरं नाम असेल, म्हणजे 'मुख्य कारण', 'प्रधान सचिव' अशी रचना असेल, तर डोळे मिटून ए-एल.

'स्टेशनरी' वह्या-पेनांची आणि 'स्टेशनरी' उभ्या गाडीची, दोघांचं मूळ एकच आहे. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते सगळीकडे असत. ज्याने एका जागी ठाण मांडलं होतं तो पुस्तकविक्या स्टेशनर. लंडनमध्ये या मंडळींची स्टेशनर्स कंपनी होती आणि तिला 1557 साली राजसनद मिळाली. स्टेशनर म्हणजे दुकानदार, आणि तो इंग्रजी दुकानदारांसारखाच ई-आरने संपतो: बुचर, बेकर, ग्रोसर. त्याच्या दुकानातला माल म्हणून ई-आर-वाय. न हलणाऱ्या गाडीला ए-आर-वाय.

'कॉम्प्लिमेंट'मध्ये आय असेल तर स्तुती. ई असेल तर जोड, पूर्णत्व. 'कम्प्लीट'मधला ई तोच. हॉटेलची 'कॉम्प्लिमेंटरी' न्याहारी फुकट असते, म्हणून आयवाली. ई घातला तर ती कशाची तरी पूरक न्याहारी होते. इथे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक सूचना: अर्थ 'पूरक' असा पाठ केलात तर भूमितीत अडकाल. ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश असते ते इंग्रजीत ईवाले कॉम्प्लिमेंटरी, आणि आपल्या पुस्तकात त्यांना कोटिकोन म्हणतात. आपले पूरककोन 180 अंशांचे, त्यांना इंग्रजीत सप्लिमेंटरी.

मग सी आणि एसची भानगड. 'प्रॅक्टिस', 'लायसन्स' यांत शेवटी सी की एस, हे भारतात चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत शब्दाच्या कामावर ठरतं. मराठी अर्थाच्या शेवटी 'णे' लागतो का बघा. सराव: सी. सराव करणे: एस. परवाना: सी. परवाना देणे: एस. 1988च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सीने लिहिलं आहे, कारण ते नाम आहे. 'लायसन्स्ड' दुकान मात्र परवाना 'दिलेलं', म्हणून एस. हाच 'णे'चा नियम सल्ल्याला लागतो, आणि तिथे तर उच्चारही साथ देतो: सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस', सी, सल्ला देणे म्हणजे 'ॲडव्हाइझ', एस. यंत्र 'डिव्हाइस', योजणे 'डिव्हाइझ', तेच. जाता जाता: सल्ला या अर्थी ॲडव्हाइसचं अनेकवचन होत नाही. बँकेच्या किंवा व्यापारी कागदांवर अनेकवचनी दिसतं ते 'सूचनापत्रं' या अर्थाने.

हे वाचून अमेरिकी साइटवर गेलात तर गोंधळ वाढेल. तिथे सराव दोन्ही कामांत सीने आणि परवाना दोन्ही कामांत एसने लिहितात. तिथे बँकेचा चेकही सी-के ने संपतो. आपल्याकडे 1881च्या परक्राम्य संलेख कायद्यापासून तो क्यू-यू-ई ने संपतो. वर्डमध्ये प्रूफिंगची भाषा अमेरिकी ठेवलेली असेल तर बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही लाल रेघ येते आणि माणूस ती 'दुरुस्त' करून बसतो. रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि तिथे इंग्लिशपुढे इंडिया किंवा युनायटेड किंगडम निवडा. आधी सगळा मजकूर निवडून घ्यायला विसरू नका, नाहीतर बदल फक्त कर्सर असलेल्या जागी लागतो.

'इट्स'वर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. वाक्य टिकलं तर ॲपॉस्ट्रॉफी, मोडलं तर नाही. 'देअर'मध्ये 'तिथे' म्हणायचं असेल तर आत 'हिअर' दडलेला असतो. 'कौन्सिल' परिषदेचा असेल तर सी, सल्ल्याचा किंवा वकिलाचा असेल तर एस. त्यामुळे समुपदेशक एसवाला, नगरपरिषदेचा सदस्य सीवाला. प्रवेशाच्या वेळी लागणाऱ्या 'कौन्सेलिंग'च्या फलकांवर अर्ध्या वेळा नगरपरिषदच भरलेली असते.

परिणामाचं प्रकरण

'ॲफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांना वेगळी जागा द्यावी लागते, कारण इथे कानही फसतो आणि अर्थही. आपण दोघांना 'परिणाम'च म्हणतो. मराठीत परिणाम हे नाम, क्रियापद करायचं तर त्याला 'होणे' किंवा 'करणे' जोडलं की झालं. इंग्रजीत जोडायला काही नाही, शब्दच बदलतो.

सरकारी कागदांशी संबंध येणाऱ्या कोणालाही दोन लघुरूपं ठाऊक असतात. प्रकल्पग्रस्ताला पीएपी म्हणतात; त्यातला मधला ए हा ॲफेक्टेडचा. आदेशाच्या तळाशी 'अमुक तारखेपासून अंमल' या अर्थाने डब्ल्यूईएफ असतं. त्यातला ई हा इफेक्टचा. एवढी दोन लक्षात असली की पुरे. मराठीत 'ग्रस्त' किंवा 'बाधित' बसत असेल, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तर ए. 'दुष्परिणाम' किंवा 'अंमल' बसत असेल तर ई. अजून शंका राहिली तर शब्दाच्या आधी 'द' किंवा 'ॲन' आहे का बघा; असेल तर जवळपास नेहमीच ई.

अपवाद दोन, आणि दोन्ही खरे. ई घेऊन क्रियापद होतं तेव्हा अर्थ 'घडवून आणणे', 'अंमलात आणणे'. बदल घडवून आणणे, रक्कम हस्तांतरित करणे, अशा कायदेशीर वाक्यांत ते येतं. तिथे ए घातला तर 'बदलावर परिणाम केला' असा भलताच अर्थ निघतो. आणि मानसोपचाराच्या टिपणांत ए घेऊन नाम येतं, रुग्णाचा दिसणारा भाव या अर्थी. डॉक्टरांच्या कागदावर ते दिसलं तर सुधारू नका.

बोटांचा दोष

इथे ज्ञान पूर्ण असतं, हात घसरतो. जवळच्या यमकाचा शब्द धरला की हात थांबतो. 'क्वायट', शांत, हा 'डाएट'चा जोडीदार, शेवट आय-ई-टी. 'क्वाइट', बऱ्यापैकी, हा 'व्हाइट' आणि 'बाइट'च्या घरातला, शेवट आय-टी-ई. 'डेअरी' ही 'चेअर'सारखी, ए-आय-आर. 'डायरी'त 'डाय' आधी, म्हणजे डी-आय-ए. 'एंजल' देवदूताच्या शेवटी केसांना लावायचं जेल असतं, जी-ई-एल. 'अँगल' कोन मात्र 'सिंगल' आणि 'जंगल'सारखा जी-एल-ई ने संपतो. 'डिझर्ट' गोड पदार्थ असेल तर दोन एस, कारण गोडाचा दुसरा घास कोणी नाकारत नाही, वाळवंटाला एकच.

अशा चुका पकडायला कान चांगला, फक्त तो तुमचा नको. वर्डच्या रिव्ह्यू टॅबमध्ये रीड अलाउड आहे. 'फॉर्म'च्या जागी 'फ्रॉम', 'ट्रायल'च्या जागी 'ट्रेल' असेल तर यंत्र निर्विकारपणे चुकीचा शब्द वाचतं आणि तो लगेच टोचतो. कानाच्या दोषालाही याचा उपयोग होतो. अर्थाच्या दोषाला शून्य, कारण दोन्ही प्रिन्सिपल ते एकसारखेच वाचणार.

काही शब्द तुमच्या कामात कधीच लागणार नाहीत, पण टायपिंगमध्ये घुसतात. 'मॅनेजर' लिहिताना एक ए गळला की गोठ्यातली गव्हाण उरते. 'पब्लिक'मधला एल गळला तर काय होतं ते जाहीर सूचनेत छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी थांबवलेलं बरं. वर्डला असे शब्द चुकीचे मानायला सांगता येतं. विंडोजमध्ये ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ या फोल्डरमध्ये जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, आधी हिडन आयटम्स दाखवा. तिथे 'एक्सक्लूड डिक्शनरी' नावाने सुरू होणाऱ्या फाइली असतात आणि नावाच्या शेवटी भाषेचा क्रमांक असतो: 0409 अमेरिकी, 0809 ब्रिटिश, 4009 भारतीय इंग्रजी. तुमची प्रूफिंगची भाषा जी असेल ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एका ओळीत एक शब्द, सगळा लहान लिपीत, असे ते शब्द टाका, एन्कोडिंग न बदलता सेव्ह करा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. आता त्यांच्याखाली लाल रेघ येईल. भलत्याच क्रमांकाच्या फाइलमध्ये शब्द टाकला तर काहीच होत नाही. 'हे चालत नाही' अशी तक्रार बहुधा त्यामुळेच असते. 'फॉर्म' आणि 'फ्रॉम'सारखे दोन्ही लागणारे शब्द मात्र इथे टाकू नका, प्रत्येक पान लाल होईल.

संदर्भ बघून पकडणारी सोयही काही आवृत्त्यांत आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे 'फ्रिक्वेंटली कन्फ्यूज्ड वर्ड्स' असा चौकोन दिसला तर त्यावर खूण करून ठेवा. ती मदतनीस आहे, पहारेकरी नाही; 'आम्ही प्रस्ताव वगळता' हे वाक्य तिच्या नजरेतून निसटू शकतं.

आपली यादी कशी काढायची

बाहेरची शंभर जोड्यांची यादी बाजूला ठेवा. पाठवलेल्या ईमेलमधले शेवटचे वीस उघडा आणि चुकलेले शब्द फक्त लिहून काढा. बहुतेकांचे पाच-सात शब्दच निघतात, आणि तेच तेच. प्रत्येकापुढे कान, अर्थ किंवा बोट लिहा. मग जोडीतला एकच शब्द पक्का करा. दोन्ही एकदम शेजारी ठेवून पाठ केले की ते पुन्हा एकमेकांत मिसळतात, कारण गोंधळ मुळात त्या शेजारामुळेच होता. 'लूझ'मध्ये एक ओ, एवढंच पक्कं. बाकी सगळीकडे दोन.

महत्त्वाचा कागद पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून तुमचे ते पाच-सात शब्द एकेक शोधा आणि प्रत्येक ठिकाणी मराठी अर्थ म्हणून बघा. छोटा शब्द शोधताना 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' चालू ठेवा, नाहीतर 'देन' शोधताना 'स्ट्रेंग्देन'ही सापडत राहतो.

फोनवर लिहित असाल तर चूक शिकवणारा कीबोर्डच असू शकतो. एकदा चुकीचा शब्द निवडला की तो तुमचा आवडता समजून पुढे करत राहतो. जीबोर्डमध्ये वरच्या पट्टीतल्या त्या सुचवणुकीवर बोट दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याकडे ओढून टाका. आयफोनमध्ये एकेक शब्द असा काढता येत नाही. सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट, रिसेट, आणि मग रिसेट कीबोर्ड डिक्शनरी. त्याने कीबोर्डने शिकलेली मराठी आडनावंही पुसली जातात, तेव्हा पहिले काही दिवस तो पुन्हा कुलकर्ण्यांचं भलतंच काही करेल.